सूचीतली सहावी ओळ

फोनवर ताईचं बोट आलं. म्हणजे आला होता फोटो, पण त्यात आधी दिसलं ते बोट: पाण्यात काम करून सुरकुतलेलं, नखाशेजारी सुरी लागल्याची जुनी खूण असलेलं, आणि थेट त्याच्या नकाशावर टेकलेलं. तो तेव्हा कार्यालयाच्या जिन्यात होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. लिफ्ट चालू होती, पण डॉक्टरने जिने चढायला सांगितले होते आणि चार लोकांच्या देखत तो डॉक्टरचं ऐकत असे. फोटोखाली मजकूर होता. छोट्या, आमची गल्ली पांढरी आली. खालची सूची वाचली, पांढरं म्हणजे धोका नाही. तूच केलंस ना हे? मला ठाऊक होतं. त्रेपन्न वर्षांच्या, गुडघे वाजणाऱ्या, एका खात्याचे सगळे नकाशे एकहाती करणाऱ्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्याचे आभार मानत होतं. त्याने कठड्याला हात लावला. कठडा गार होता. पहिला विचार मनात आला तो असा, की फोटोत रंग फार चांगले उतरले आहेत. दुसरा विचार यायला अर्धा जिना लागला. ताईच्या गल्लीत पांढरं म्हणजे धोका नाही, असं नव्हतं. तिथे पांढरा होता तो नुसता कागद.

नकाशा शहरामागच्या उताराचा होता. उतार सरकत होता, डोळ्यांना दिसेल असा नाही, वर्षाला दोन बोटं. चार हजारांवर घरं त्यावर बसलेली. खात्याने मोजणीदार पाठवले. त्यांनी घरोघर जाऊन भिंतीच्या फटींवर पारदर्शक पट्टी धरून रुंदी घेतली, चौकटी किती कलल्या ते पाहिलं, जोत्याची ओल चाचपली आणि प्रत्येक घराला शून्य ते शंभरमधला एक आकडा दिला. आकडे त्याच्याकडे आले. त्याने त्यांचे पाच गट पाडले आणि त्यांना सायीच्या रंगापासून करपलेल्या विटेच्या रंगापर्यंत पाच रंग दिले. गडद दोन रंगांतल्या लोकांना ओला हंगाम लागायच्या आत सपाटीवरच्या नव्या इमारतींत हलवायचं, मधल्यांवर नजर ठेवायची, फिकटांनी आपापल्या घरी सुखाने नांदायचं. सॉफ्टवेअर फुकटचं होतं. जगात कुठे कुठे बसलेली, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं ते फावल्या वेळात घडवत आणि दुरुस्त करत असत. कार्यालयात ते त्यानेच आणलं, म्हणून त्याला सगळे फुकटवाले म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि आता तर बढतीच्या शिफारसपत्रातही कंसात ते आलं होतं. त्याला त्या सॉफ्टवेअरची माया होती, आणि तिचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या घराचा आकडा नाही ते घर हे सॉफ्टवेअर रंगवतच नाही. शून्य धरत नाही, शेजारच्या घरावरून अंदाज ठोकत नाही. सरळ गप्प बसतं, आणि तेवढ्या जागेतून खालचा कागद दिसत राहतो. माहीत नसल्यावर गप्प बसणारं असं कुणी त्याने आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं. निदान त्याच्या घरात तरी नाही.

वडील बस डेपोत कारकून होते. घर कोपऱ्यावर होतं, खिडकी रस्त्यावर उघडायची, आणि रस्ता चुकलेली माणसं त्या खिडकीशी येऊन थांबायची. वडील पत्ता ऐकून घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि छातीठोकपणे सांगायचे, सरळ जा, दुसऱ्या वळणाला डावीकडे, निळा दरवाजा. त्या गल्लीचं नाव त्यांनी बहुधा त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकलेलं असायचं. पण निळ्या दरवाजाने माणूस निश्चिंत व्हायचा. आभार मानायचा, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा आणि चालू लागायचा. एकदा एक बाई तापलेलं मूल कडेवर घेऊन दवाखाना विचारत आली. वडिलांनी तिलाही निळ्या दरवाजाकडे पाठवलं. संध्याकाळी ती त्याच रस्त्याने परत येताना दिसली, मूल अजून कडेवरच, मान खांद्यावर टाकलेली. वडील खिडकीतून बघून म्हणाले, "आली वाटतं दाखवून." ताई तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तो आठ, आणि त्या घरात दोन मुलं वाढत होती: एक विचारणारी, एक सांगणारा.

नकाशाच्या पहिल्या छापात सूचीला सहा ओळी होत्या. पाच रंगांच्या पाच, आणि तळाशी राखाडी तिरप्या रेघांचा एक चौकोन: माहिती नाही. संपूर्ण उतारावर मिळून तसली अकराच घरं होती, सगळी ताईच्या गल्लीतली, रांगेने, कपड्यावर ठिगळ दिसावं तशी. तो कागद त्याने संचालकबाईंच्या टेबलावर पसरला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नकाशाचं कौतुक केलं, उत्तर दिशेच्या बाणाचंही केलं, आणि मग त्या राखाडी ठिगळावर पेन्सिलीचं टोक ठेवून विचारलं की हे काय. त्याने सांगितलं. बाईंनी अगदी समजुतीच्या सुरात विचारलं की मोजलं नाही हे आपणच आपल्या तोंडाने का सांगायचं, आणि मोजणीदाराला पुन्हा पाठवायला आता वेळ आहे का. वेळ नव्हता. हाताशी चार दिवस होते. मोजणीदार, ज्याच्या पायाला त्या गल्लीतलं कुत्रं चावलं होतं, तो तर म्हणाला होता की दार उघडत नाहीत त्यांचा उतार आपल्याला कशाला हवा. "एक ओळ काढली की झालं," बाई म्हणाल्या. आणि खरोखर तेवढंच होतं. सूचीत ओळीवर एक टिचकी, लेअरसमोरची खूण गायब, ठिगळ गेलं. खाली कागद राहिला. सायीचा रंग पडद्यावर सायीचा दिसायचा, पण कार्यालयाच्या छपाई यंत्रातली पिवळी शाई तीन महिन्यांपासून संपत आलेली, त्यामुळे कागदावर साय आणि कागद यांत फरक उरत नसे. हे त्याला ठाऊक होतं. यंत्राजवळ उभा राहून तो छाप बाहेर सरकताना पाहत होता आणि मनाशी कबूल करत होता की नकाशा आता देखणा झाला. त्या राखाडी रेघा त्यालाही पहिल्यापासून डोळ्यांत सलत होत्या. बाईंनी सांगितलं नसतं तर त्याने त्या काढल्या नसत्या. पण बाईंनी सांगितल्याबद्दल तो मनातून त्यांचा आभारी होता, आणि ही गोष्ट पुढे कुठल्याच चौकशीत विचारली जाणार नव्हती.

आणि दारं का उघडली नव्हती? ताईने फोन केला होता. सहा महिन्यांपूर्वी. मोजायला येणार म्हणतात रे छोट्या, दार उघडायचं का? तो तेव्हा दाढी करत होता. मोजणीचं पुढे काय होणार ते तोवर ठरलंही नव्हतं. त्याला काहीएक माहीत नव्हतं. त्याने गालावरचा साबण पुसत सांगितलं, अजिबात उघडू नकोस, एकदा आकडा चिकटला की घराबाहेर काढतात. इतकं ठामपणे सांगितलं की सांगून झाल्यावर त्याचं त्यालाच खरं वाटलं. ताईने गल्लीत सांगितलं. माझा भाऊ तिथेच आहे, नकाशे तोच करतो. अकरा घरांनी कड्या घातल्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली होती की तुम्हाला कोणी सांगितलं हे, आणि तो म्हणाला होता, "माहीत असावं लागतं." बायकोने भांड्यावर झाकण ठेवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ती आता प्रश्न फक्त सवयीने विचारायची.

जिन्यात उभा राहून त्याने उत्तर लिहायला घेतलं. ताई, पांढरं म्हणजे, एवढं लिहिलं. पुसलं. ताई, एक सांगायचं होतं. पुसलं. वरून टपालवाला उतरत आला, त्याला वाट देण्यासाठी तो भिंतीला टेकला, आणि भिंतीचा गारवा पाठीला लागला तसं त्याला खाणीचं पाणी आठवलं. बंद पडलेली दगडाची खाण, तळाशी हिरवं पाणी, काठावर ताई. परकर खोचलेला, हात पंखासारखे. "खोल आहे ना रे?" तो तिच्या आधी काठावर पोचला होता, बस. पाण्यात त्याने बोटही घातलं नव्हतं. "भरपूर आहे. मार उडी." तिने मारली. आवाज पाण्याचा यायला हवा होता तसा आला नाही. पाणी गुडघ्याएवढं होतं आणि त्याखाली सपाट दगड. घोटा असा काही वळला की पाऊल दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. तिला घरी आणलं तेव्हा आईने त्याच्याकडे बघून विचारलं, तू सांगितलंस का हिला. ताई दुखण्याने पांढरीफटक पडलेली, ओठ चावलेले, आणि तशीच म्हणाली, "त्याला काय माहीत. त्याला माहीत नव्हतं." आईला ते पटलं. वडिलांना पटलं नाही. त्यांच्या मते मुलाला माहीत असायला हवं होतं. ताई त्या दिवसापासून उजवा पाय किंचित ओढत चालते. लग्नातही तशीच चालली, आणि नवरा गेल्यावर त्या उतारावरच्या घरात एकटी राहताना, दिवसातून चार वेळा पायऱ्या चढउतार करताना, तशीच. त्याने कधी माफी मागितली नाही. माफी मागायची तर आधी एक वाक्य म्हणावं लागलं असतं आणि ते वाक्य त्यांच्या घरात कुणाला येत नव्हतं. जिन्यातून त्याने शेवटी उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

रविवारी तो तिच्याकडे गेला. बसथांब्यापासून एकशे चाळीस पायऱ्या. डॉक्टर बघायला नव्हता, तरी चढल्या. ठरवून गेला होता की सांगायचं. दारातच शेजारचे मास्तर भेटले, ताईच्या वरच्या अंगाला राहणारे, भूमिती शिकवून निवृत्त झालेले, हातात कुलूप घेऊन उभे. त्यांनी सांगितलं की मुलीकडे जायला बॅग भरून ठेवली होती, पण नकाशा पाहिला आणि आता जावं की नाही ते ठरत नाही. ताईने त्याला खुर्ची दिली, स्वतः ओट्याशी गेली, आणि तिकडूनच सांगत राहिली की गल्लीतली सगळी बघून गेली नकाशा, सगळ्यांना सांगितलं भावाने केलाय म्हणून, रंग किती छान दिलेत, समोरच्या गल्लीतल्या बाईला तर गडद जांभळट आलाय, ती रडत होती, म्हणे तुमचा भाऊ आमचाही रंग बदलेल का. ती हसली. नकाशा नळाच्या वरच्या भिंतीवर चार चिकटपट्ट्यांनी लावला होता. तो उठून जवळ गेला. कागदावर एक रेघ होती. ती त्याने काढलेली नव्हती. वरच्या कोपऱ्यातून निघून, दोन गल्ल्या तिरपी कापत, सूचीच्या बाजूने खाली गेलेली. शाईची नव्हे, उठावाची, कागदाखालून कुणी नख ओढावं तशी. त्याने खालची चिकटपट्टी अलगद सोडवली आणि कागद उचलला.

फट होती. भिंतीत, वरपासून नळापर्यंत. त्याच्या पाकिटात फट मोजायची पारदर्शक पट्टी होती. मोजणीदारांसाठी छापून घेतलेली, त्यातली एक त्याने शोभेला ठेवली होती. ताई ओट्याशी पाठमोरी होती आणि पाणी उकळत होतं. त्याने पट्टी फटीवर धरली. अकरा मिलिमीटर. पाचच्या वर गेलं की गडद रंग. त्याने पेनाने पट्टीवर अकराच्या रेघेशी एक ठिपका दिला, का दिला ते त्याला कळलं नाही, हाताची सवय, मोजलं की खूण करायची. आता त्याला माहीत होतं. उताराच्या त्या तुकड्याबद्दल जगात कुणाला काही माहीत असेल तर ते त्याला, आणि त्या जाणिवेने त्याला भीतीच्या आधी, एक क्षणभरच, थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. "ही जागा का निवडलीस?" त्याने विचारलं. ताई कप घेऊन वळली. "तिथे वारा यायचा रे आतून. नकाशा लावल्यापासून बंद झाला." आणि मग, कप त्याच्या हातात देताना, खालच्या आवाजात: "मला खरं सांग. तू मुद्दाम पांढरी केलीस ना आमच्यासाठी?" तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याने कागद परत भिंतीला लावला. चिकटपट्टीवर अंगठा दाबला, टोकापासून टोकापर्यंत, हवा राहू नये म्हणून. "मुद्दाम कसं करता येईल, ताई," तो म्हणाला. "आहे तेच दाखवतो आपण." तिने मान डोलवली, विनय समजून. चहात साखर जास्त होती. त्याने तो संपवला.

गुरुवारी सुनावणी होती, सभागृहात, सकाळी अकराला. उतारावरचे दोनशे लोक, मंचावर संचालकबाई, बाजूला प्रोजेक्टरशी तो. नकाशा भिंतीभर पसरलेला. पडद्यावर सायीचा रंग सायीचा दिसला असता आणि ताईची गल्ली त्याहून पांढरी, बघणाऱ्याला फरक कळला असता. म्हणून त्याने सकाळी येऊन पडद्यावरचा उजेड साय पांढरी दिसेल इतका वाढवून ठेवला होता. बाई बोलल्या, लोक बोलले, गडद रंगाचे लोक जास्त बोलले. मग मास्तर उठले. ते वर्गात उठावं तसे उठले, म्हणजे इतर आपोआप गप्प झाले. त्यांनी सांगितलं की त्यांना एक शंका आहे. मोजायला आले तेव्हा त्यांच्या गल्लीत कुणीच दार उघडलं नाही. चूक गल्लीचीच. "पण मग आमचा आकडा आला कुठून?"

बाईंनी प्रोजेक्टरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सौम्य होता; त्यांना ती एक ओळ आठवतही नसावी. तिसऱ्या रांगेत ताई बसली होती, नवी चप्पल, दुखरा पाय किंचित पुढे. तिने मास्तरांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती, खाणीच्या काठावरून बघितलं होतं तशी. अजून वेळ होता. सूचीत परत एक टिचकी दिली असती तर राखाडी रेघा भिंतीवर सगळ्यांसमोर उमटल्या असत्या. बोट माउसवरच होतं. एक वाक्य. दोन शब्दांचं. ते त्याने तोंडात जुळवलं सुद्धा, जीभ टाळूला लागली. आणि त्याच वेळी त्याला दिसलं, त्याने ते म्हटल्यावर तिसऱ्या रांगेतला चेहरा कसा होईल ते.

"वरून घेतला," तो म्हणाला. "उपग्रहावरून. हल्ली घरात शिरावं लागत नाही."

"भिंतीतली फटसुद्धा दिसते?"

"मिलिमीटरपर्यंत."

निळा दरवाजा. त्याला तो अगदी स्पष्ट दिसला, कडी आणि उडालेल्या रंगासकट. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मास्तर क्षणभर उभे राहिले, एखाद्या मुलाने उत्तर बरोबर काढावं पण रीत दाखवू नये तसे, आणि मग त्यांनी हात जोडले. "मग बॅग रिकामी करतो बाबा," ते म्हणाले, आणि लोक हसले. ताई बाजूच्या बाईला काहीतरी सांगत होती आणि सांगताना त्याच्याकडे बोट दाखवत होती, तेच बोट.

ओला हंगाम लागल्यावर एकोणिसाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, उतार त्या गल्लीपुरता बसला. दीड मिनिट लागलं असं नंतर अहवालात आलं. तो त्या वेळी मोजणीच्या अहवालाच्या मुखपृष्ठासाठी अक्षरांचं वळण निवडत होता. अकरापैकी चार घरं गेली. मास्तरांचं सगळ्यात आधी. ते दुपारचे झोपले होते. बॅग सापडली, रिकामी, माळ्यावर व्यवस्थित ठेवलेली. समोरच्या गल्लीतली गडद रंगाची बाई एव्हाना सपाटीवरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होती आणि तिथे पाणी चढत नाही म्हणून तक्रार करत होती. ताई दाराशी पोचली होती. दुसरं कुणी असतं तर बाहेर पडलं असतं, असं तिला काढणाऱ्यांनी सांगितलं. पण पाय ओढत चालणाऱ्या माणसाला शेवटची तीन पावलं लागतातच. स्वयंपाकघराची भिंत तिच्या डाव्या पायावर आली. चांगल्या पायावर. तो गुडघ्याखाली काढावा लागला.

मोजणीदार दुसऱ्याच आठवड्यात गल्लीत जाऊन आला. आता दारं वाजवायची नव्हती आणि कुत्रंही नव्हतं. अकरा आकडे आले. फुकटवाल्यांनी ते रकान्यात भरले, आणि सॉफ्टवेअरने इतके महिने गप्प बसून सोडलेली जागा मुकाट रंगवून टाकली, करपलेल्या विटेच्या रंगाने, कडेला कड लावून, कुठे कागद दिसत नव्हता.

चौकशी अधिकारी इस्पितळात आला तेव्हा तो ताईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर संत्रं सोलत बसला होता. अधिकारी तरुण होता, सर्दी झालेला, मांडीवर छापील अर्ज. नकाशा कुणी केला, पांढऱ्याचा अर्थ काय सांगितला गेला, सांगणाऱ्याला माहीत होतं का की त्या घरांची मोजणीच झाली नाही. हे सगळं त्याने ताईच्या देखतच विचारायला घेतलं. ताईच्या पांघरुणाखाली एका बाजूला उंचवटा होता आणि एका बाजूला तो मध्येच संपत होता. तिचे ओठ सुकलेले होते. ती उशीवरून मान वळवून म्हणाली, "त्याला काय विचारता. वरून जे दिसलं ते त्याने दाखवलं. आतलं त्याला काय माहीत? त्याला माहीत नव्हतं." आणि त्याच्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, घाबरू नकोस, मी आहे.

अधिकाऱ्याने नाक पुसलं. ते ठीक आहे, पण उत्तर त्यांच्याच तोंडून लागतं, असं तो म्हणाला आणि पेन रकान्यावर टेकवून थांबला. संत्र्याचा रस त्याच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होता. पाकीट मागच्या खिशात होतं, बसल्यावर रुतत होतं. त्यात पट्टी होती आणि पट्टीवर अकराच्या रेघेशी ठिपका. त्याने एक फोड सोलून ताईच्या हातावर ठेवली.

"माहीत नव्हतं," तो म्हणाला.

अगदी सहज आलं. वडील असते तर त्यांनी शरमेने मान खाली घातली असती.